कीर्द-खतावणी ढगात

मंडळी, गेल्या अंकातल्या आमच्या कोथिंबिरीच्या वाफ्यावर बरीच पत्रे आली. (गोगलगाईंवरचे सगळे उपाय करून झाले. गोगलगाई मजेत आहेत.) एक पत्र मात्र वेगळे होते. साउथ आयलंडमधल्या एका भगिनींनी विचारले आहे, "आमचा छोटा धंदा आहे. सगळा हिशेब ऑफिसातल्या सर्व्हरवर असतो. मुलगा म्हणतो क्लाउडवर टाका. यजमान म्हणतात, आपली वही परक्याच्या घरी कशाला ठेवायची? तुम्ही कॉम्प्युटरमधले, तुम्हीच काय ते सांगा."

आओतेआरोआचा अर्थ लांब पांढऱ्या ढगाचा देश असा सांगतात. अशा देशात राहून ढगाला नाही म्हणणे अवघडच! पण यजमानांचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर आम्हाला पुस्तकात मिळाले नाही, क्राइस्टचर्चच्या आमच्या एका स्नेह्यांकडे मिळाले. तेव्हा आधी त्यांची हकिकत.

या गृहस्थांचा आयातीचा धंदा. ऑफिस ऐन शहरात, दुसऱ्या मजल्यावर. सर्व्हर एका कपाटात, चहाच्या किटलीच्या खाली. वह्या केव्हाच गेल्या होत्या, पण दिवाळीतले वहीपूजन सुटवत नव्हते, म्हणून वहिनी दरवर्षी त्या सर्व्हरलाच हळदकुंकू वाहत. दर शुक्रवारी संध्याकाळी हे सगळ्या हिशेबाची नक्कल एका छोट्या डिस्कवर उतरवून घेत. माणूस शिस्तीचा. आणि ती डिस्क ठेवीत कुठे? शेजारच्याच टेबलाच्या खणात, कुलूप लावून!

४ सप्टेंबर २०१० ला पहाटे ७.१ चा भूकंप झाला. शहर झोपेत होते, पडझड झाली, पण सुदैवाने माणसे वाचली. सोमवारी स्नेही ऑफिसात गेले तर सर्व्हर सुरू, दिवा हिरवा. "तिथंच आम्ही फसलो," ते आता म्हणतात. "एवढ्यातून वाचला म्हणजे आता त्याला काही होत नाही, असं वाटलं."

मग २२ फेब्रुवारी २०११. मंगळवार, दुपारी १२ वाजून ५१ मिनिटे. या खेपेचा धक्का ६.३ चा, पण शहराच्या अगदी जवळ आणि उथळ. १८५ माणसे गेली, त्यांतली ११५ एकट्या सीटीव्ही इमारतीत. आमचे स्नेही एका गिऱ्हाइकाकडे गेले होते म्हणून बाहेर होते. चालत घरी पोचले, मुले शाळेतून सुखरूप आली. एवढे झाल्यावर हिशेबाच्या वहीचे नाव काढणे बरे दिसत नाही, आणि कित्येक दिवस त्यांनी काढलेही नाही. पण पगाराचा दिवस काही कोणासाठी थांबत नाही.

शहराच्या मध्यभागाला लष्कराचा पहारा बसला होता. सव्वीस मजली ग्रँड चॅन्सेलर हॉटेल कलले होते, ते पडेल म्हणून आसपासही कोणाला फिरकू देत नव्हते. घेरा हळूहळू लहान होत गेला, पण पुरता उठायला जून २०१३ उजाडले. स्नेह्यांची इमारत उभी होती. लांबून खिडकीही दिसत होती! सर्व्हर आत, डिस्क आत, येणेकऱ्यांची यादी आत, समुद्रात असलेल्या कंटेनरचे कागदही आत. धंदा बुडाल्याचा विमा होता, पण विमा मागायचा तर किती बुडाले ते दाखवावे लागते, आणि ते दाखवणारा हिशेब बुडालेल्यातच!

शेवटी त्यांनी काय केले? बँकेची स्टेटमेंटे मागवली, जुन्या ई-मेल उपसल्या, आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन करून विचारले, "तुम्ही आमचं किती देणं लागता, ते जरा सांगता का?" आयुष्यात एवढे ओशाळवाणे फोन केले नव्हते म्हणतात. बहुतेकांनी चोख आकडा सांगितला. दोघांनी फोन उचलला नाही. इमारत पुढे पाडली, तिच्याबरोबर हळदकुंकवासकट सर्व्हरही गेला.

त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, एक अकाउंटंट होता. दहा दिवसांत तो मेव्हणीच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून कामाला लागला, कारण त्याचे हिशेब इंटरनेटवर होते. झीरो ही कंपनी २००६ साली वेलिंग्टनला निघाली आणि अशा हिशेबाचे लोण इथे पसरू लागले, त्या सुरुवातीच्या लोकांतला तो एक. तोवर "हिशेब इंटरनेटवर" म्हटले की आमचे स्नेही हसत असत.

आता थोडे यंत्राविषयी. पूर्वी एका सर्व्हरवर एकच काम ठेवीत. हिशेबाला एक, ई-मेलला दुसरा, आणि बराच वेळ दोन्ही रिकामे. एकट्या माणसाने अख्खा वाडा अडवून बसावे, तसा प्रकार. मग एकाच यंत्रात अनेक काल्पनिक यंत्रे भाडेकरूंसारखी ठेवायची युक्ती निघाली, ती व्हर्च्युअलायझेशन. युक्ती जुनी, आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर १९६० च्या दशकातली. साध्या यंत्रांवर ती आणणारी व्हीएमवेअर कंपनी १९९८ ची. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते, वाडा आपलाच. कोणाला किती पाणी आणि किती उजेड, ते वाटून देणारा एक मालक वर बसलेला असतो.

पण खरी गंमत जागा वाचण्यात नाही. असे काल्पनिक यंत्र म्हणजे शेवटी डिस्कवरच्या काही फायली. त्यामुळे सबंध बिऱ्हाड खोलीसकट उचलता येते. चूल, फळीवरचे डबे, भिंतीवरचे कालनिर्णय, सगळे जसेच्या तसे ऑकलंडला मांडता येते. स्नेह्यांचा सर्व्हर असा असता आणि त्याची नक्कल रोज रात्री दुसऱ्या गावी जात असती, तर बुधवारी नाही पण पुढच्या सोमवारी तरी तो तिथे सुरू झाला असता. अशा खोल्या महिन्याच्या, किंबहुना तासाच्या भाड्याने देणे म्हणजेच क्लाउड. ॲमेझॉनने हा धंदा २००६ साली मांडला.

तेव्हा यजमानसाहेब, परक्याचे घर हे खरेच, पण ते तुमच्या छपराखाली नाही, हाच त्याचा गुण. ते कुठे आहे, हे मात्र विचारावे. पूर्वी बहुतेकांचा माल सिडनीला किंवा अमेरिकेत असे. मायक्रोसॉफ्टची इथली केंद्रे डिसेंबर २०२४ मध्ये आणि ॲमेझॉनची सप्टेंबर २०२५ मध्ये ऑकलंडला सुरू झाली. (ऑकलंड ज्वालामुखींवर वसले आहे, तेव्हा एक नक्कल सिडनीलाही असू द्या!) आणि माल परक्याकडे ठेवला म्हणून जबाबदारी त्याच्याकडे जात नाही. २०२० च्या प्रायव्हसी ॲक्टप्रमाणे गिऱ्हाइकांची माहिती तुमच्या वतीने दुसऱ्याने सांभाळली, तरी ती तुमच्याकडेच आहे असे धरतात. करखात्यासाठी सात वर्षांचे कागद दाखवायचे तेही तुम्हीच.

शिवाय भाडे ते भाडे. व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली, परवान्यांची पद्धत बदलली आणि जगभरच्या गिऱ्हाइकांनी ओरड केली. मालक बदलला की भाडे बदलते, हे चाळीत वाढलेल्यांना नव्याने सांगायला नको. सही करण्याआधी विचारा, सामान बाहेर काढायचे तर काय पडेल?

आणि ढगाकडे जायची वाट तुटली तर? फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळात नेपिअरजवळचे रेडक्लिफ वीज उपकेंद्र पाण्याखाली गेले, फायबर तुटले, फोन मुके झाले. दुकानांच्या दारांवर "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. तिथल्या आमच्या एका ओळखीच्यांचा हिशेब ढगात अगदी सुखरूप होता, पण त्यांना तो चार दिवस दिसला नाही. कोणाकडे किती माल द्यायचा, ते भिंतीवर टाचणीने लावलेल्या मागच्या आठवड्याच्या छापील कागदावरून ठरवले.

आणखी एक. लॅपटॉपवरची फाइल आपोआप क्लाउडवर जाते म्हणून निर्धास्त राहू नका. इकडे चुकून पुसलीत तर तिकडेही पुसली जाते, कारण तो आरसा आहे, नक्कल नव्हे. मे २०२१ मध्ये खंडणीखोरांनी वायकाटोच्या जिल्हा आरोग्य मंडळाची यंत्रणा बंद पाडली, तेव्हा पाच रुग्णालयांत कागद-पेन्सिल निघाली आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. अशा वेळी उपयोगी पडते ती चोराचा हात पोचणार नाही अशी, बाजूला ठेवलेली जुनी नक्कल.

तर भगिनी, मुलाचे ऐका. हिशेब क्लाउडवर टाका, महिन्यातून एकदा वेगळी नक्कल डिस्कवर घेऊन ती घरी ठेवा (ऑफिसच्या खणात नको!), आणि येणेकऱ्यांची यादी दर शुक्रवारी छापा. आमचे स्नेही आता हेच करतात. यादी वहिनींच्या पिठाच्या डब्यामागे असते.

आणि नक्कल परत उतरवून पाहा. हे लिहायला बसण्यापूर्वी आम्हीही एका शनिवारी आमच्या ऑफिसच्या हिशेबाची नक्कल परत उतरवायला घेतली. तासाभराचे काम, म्हणून सौ.ला सांगून निघालो. पासवर्ड ज्याच्याकडे, तो मुलगा मार्चमध्येच ब्रिस्बेनला गेलेला. त्याचा फोन लागला दुपारी दोनला. हिशेब उघडला साडेचारला, आणि त्यात शेवटची नोंद होती गेल्या ऑगस्टची.