दम परतला, पोटरीचे काय?

कार्तिक सरला की मेळघाटाच्या डोंगरांवरून उतरणारी थंडी परतवाड्यात मुक्कामाला येते आणि तिच्यापाठोपाठ धावण्याच्या शर्यतींची पत्रके येतात. अलीकडे अनेक स्पर्धांत ज्येष्ठांसाठीही 3 किंवा 5 किलोमीटरचा गट असतो. त्यामुळे या दिवसांत दवाखान्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. नवरात्रात पोटरीचा स्नायू फाटल्याने घरी बसलेले 67 वर्षांचे एक संत्रा बागायतदार परवा विचारत होते, "डॉक्टरसाहेब, आता दम नाई लागत, मंग थांबाचं कायले?" सोबत आलेल्या त्यांच्या सूनबाईंची विनंती मात्र वेगळी होती. बाबांचे धावणे आता कायमचे बंद करावे, हे डॉक्टरांच्याच तोंडून त्यांना हवे होते. मला दोघांचेही म्हणणे पटले नाही.

दम परतला हे खरेच असते. फसगत तिथेच होते. पुन्हा चालणे सुरू केले की हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच बऱ्यापैकी सावरतात. स्नायूंना त्याहून अधिक वेळ लागतो. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा तर सर्वांत सावकाश भरून येते, कारण तिचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असतो. टाचेच्या वर बोटांच्या चिमटीत येणारी जाड दोरी ती हीच. तिची दुखापत बरी व्हायला कित्येक महिने जातात. पोटरीचा स्नायू किंचित फाटला असेल तर साधारण 3-4 आठवडे, अधिक फाटला असेल तर 2-3 महिने, आणि घोटा जोराने मुरगळला असेल तर दीड ते तीन महिने धरावेत. साठीनंतर या हिशोबात थोडी भरच घालावी. तेव्हा छाती 'चल' म्हणते आणि पाय मात्र अजून तयार नसतो, असा एक काळ येतो. पुन्हा दुखापत होऊन आलेले रुग्ण मला बहुधा याच काळात भेटतात.

मग पाय तयार झाला हे ओळखावे कसे? त्यासाठी यंत्र लागत नाही. सपाट रस्त्यावर अर्धा तास भरभर चालता आले पाहिजे, तेही न लंगडता. जिना उतरताना कठड्याचा आधार घेण्याची वेळ येऊ नये. भिंतीला हात टेकवून दुखऱ्या एकाच पायावर उभे राहावे आणि टाच उचलावी; चांगल्या पायावर जितक्या वेळा आणि जितकी उंच उचलता येते, जवळपास तितकी ती उचलता आली पाहिजे. हे जमले की एक मिनिट हळू धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे 20 मिनिटे, एक दिवसाआड करावे. चिखलदऱ्याचा रस्ता कितीही मोहक असला तरी सध्या टाळावा. चढावर पोटरी आणि कंडरा ताणली जाते, उतारावर मांड्या आणि गुडघ्यांवर भार येतो.

खरा निकाल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल कालच्याइतकेच सहज पडले, तर कालचे धावणे पचले. ते अधिक आखडलेले किंवा दुखरे असेल, तर दोन दिवस केवळ चालावे आणि पुढच्या वेळी धावण्याची मिनिटे कमी करावीत. धावताना थोडे जाणवले आणि रात्रीत निवळले, तर घाबरण्याचे कारण नाही.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे आपल्या परिचयाचा आहे. 2018 मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याने भुवनेश्वरला 3000 मीटर स्टीपलचेस शर्यतीतला गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्णपदकही मिळवले. जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरातील टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट दिमतीला असलेल्या तिशीतल्या सैनिकाला जे चुकले नाही, ते आजोबांना कसे चुकेल? शिवाय आजोबांची शर्यत दर जानेवारीत येतेच.

या संदर्भात बारामतीच्या लता करे यांचे नाव माझ्याकडे वारंवार घेतले जाते. पतीच्या उपचारासाठी नऊवारीत, अनवाणी धावून त्यांनी शर्यत जिंकली, हे कौतुकास्पदच आहे. पण त्या पायांमागे वर्षानुवर्षांची शेतमजुरी होती. दोन महिने खाटेवर पडलेल्या पायांची त्यांच्याशी तुलना नको.

थंडीचाही वेगळा विचार हवा. गार हवेत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. पहाटे पाच वाजता एकदम धाव घेणे हृदयावर भार टाकते. शेकोट्यांचा धूरही तेव्हा जमिनीलगत साचलेला असतो. घरातच दहा मिनिटे हातपाय हलवावेत आणि ऊन पडल्यावर बाहेर पडावे. हृदयविकार असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांची परवानगी घ्यावी.

वेदनाशामक गोळी घेऊन कदापि धावू नये. गोळी इशारा दाबते, दुखापत नव्हे. शिवाय डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि शरीरातील पाण्याची कमतरता असे त्रिकूट जमले की मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या वर्गातील प्रतिजैविकांमुळे कंडरा दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचाही धोका असतो. साठीपुढे आणि स्टिरॉइडच्या गोळ्या सोबत चालू असल्यास तो वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्येच तसा ठळक इशारा छापायला लावला. अशा गोळ्या नुकत्याच घेतल्या असतील, तर धावण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर सांगावे.

सूनबाईंसारख्या काळजीवाहू मंडळींना एवढेच सांगणे आहे, की सरसकट बंदी घालू नका. या वयात अंथरुणावरच्या दहा दिवसांतही मांड्यांचे स्नायू लक्षणीय झडतात आणि पुढचे पडणे त्यातूनच येते. सोबत चाला, टाच उचलताना जवळ उभे राहा, वही ठेवून सकाळच्या पहिल्या पावलाची नोंद करा. साध्या पडण्याने हाड मोडले असेल, तर हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर ती लचकच असेल असे समजून तेल चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी दवाखान्यात आणा. सोबत धापही लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.