चिंता म्हणजे अविश्वास नव्हे

चिंता करणाऱ्याचा विश्वास कमी पडतो, असं आपल्या मंडळीत सहज बोललं जातं. मला हे मुळीच पटत नाही. आधीच झोप उडालेल्या माणसावर आपण अपराधाचं आणखी एक ओझं चढवतो.

शास्त्र नीट वाचून पाहा. १ राजे, अध्याय १९ मध्ये एलीया संदेष्टा जिवाच्या भीतीने रानात पळतो आणि मरण मागतो. देव त्याच्यावर रागावत नाही. देवदूत त्याला भाकर-पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. गेथशेमाने बागेत तर प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला आणि त्याने शिष्यांना सोबत जागं राहायला सांगितलं.

पौलाने फिलिप्पैकरांस पत्र कैदेतून लिहिलं. चौथ्या अध्यायात तो चिंता सोडा एवढं म्हणून थांबत नाही. आभार मानत आपलं मागणं देवाला कळवा, असं सांगतो. मी हे अक्षरशः करते. रात्री छळणारे विचार वहीत एकेक लिहिते, शेजारी त्या दिवसाची एखादी आभाराची गोष्ट लिहिते आणि एकेक ओळ प्रार्थनेत ठेवते. कागदावर उतरलं की मोठं भूत चार-पाच साध्या गोष्टींचं होतं. त्यातलं सकाळी आपल्या हातून होण्यासारखं असेल ते करायचं, उरलेलं देवावर सोपवायचं.

एवढं करूनही आठवडेच्या आठवडे छाती धडधडत राहिली, तर डॉक्टरांकडे जरूर जावं. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता ना!

तेव्हा मंडळी, घरात कुणी घाबरलेलं असेल तर वचन ऐकवण्याआधी त्याला कपभर चहा द्या आणि थोडा वेळ जवळ बसा.