अनामत म्हणजे किंमत नव्हे

जुने पोलादी पिंप विकत घेण्यात नीतिमत्तेचा प्रश्न तो कोणता, असे कोणीही विचारील. अमेरिकेत घरी बीअर तयार करणाऱ्या हौशी मंडळींना मात्र हा प्रश्न टाळता आलेला नाही. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्यामुळे तेथे या छंदाला मोकळीक मिळाली. साडेपंधरा गॅलनचे, म्हणजे सुमारे ५९ लिटरचे बीअरचे पिंप वरून कापले की उकळण्यासाठी उत्तम भांडे होते. नवे भांडे महाग. पिंप भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळते.

पण ते भंगारवाल्याचे असते का? पिंपाच्या कडेवर बहुधा बीअर कंपनीचे नाव ठसवलेले असते. बार किंवा ग्राहक भरतो ती केवळ अनामत. आपल्याकडे गॅसचे सिलिंडर अनामत भरून घरात येते, तरी त्याची मालकी कंपनीकडेच राहते. तसाच हा प्रकार. अनामत नव्या पिंपाच्या किमतीच्या मानाने फारच थोडी असल्याने ती बुडवून पिंप ठेवून घेणे परवडते. २००७-०८ च्या सुमारास धातूंचे भाव भडकले तेव्हा भंगाराची किंमत अनामतीहून वरचढ ठरली आणि बारच्या मागील दारातून पिंपे नाहीशी होऊ लागली. अनेक राज्यांना भंगार व्यवसायासाठी नियम करावे लागले.

'मला ठाऊक नव्हते' हा खरेदीदाराचा ठरलेला बचाव. फौजदारी गुन्ह्यातून तो कदाचित सुटेलही. परंतु चोरीच्या वस्तूची मालकी प्रामाणिक खरेदीदारालाही मिळत नाही, हे तेथील कायद्याचे जुने तत्त्व आहे. शिवाय ठसवलेले नाव डोळ्यांसमोर असताना आणि भाव संशय यावा इतका कमी असताना न विचारणे, याला अज्ञान म्हणणे कठीण. बड्या कंपनीचे काय जाते, हा युक्तिवादही लंगडा आहे. मोजकीच पिंपे बाळगणाऱ्या छोट्या उत्पादकाला दहा पिंपांचा तोटाही जाणवतो.

अर्थात प्रत्येक जुने पिंप चोरीचे नसते. शीतपेय कंपन्यांनी पाकाच्या पोलादी टाक्यांऐवजी खोक्यातील पिशव्या स्वीकारल्या, तेव्हा हजारो टाक्या रीतसर विकल्या गेल्या. त्यांवरही कंपन्यांची नावे होतीच. म्हणजे नाव हा चोरीचा पुरावा नव्हे, चौकशीचे कारण आहे. बीअर कंपन्याही पोचे आलेली पिंपे कधी विकतात. तेव्हा पावती मिळते. बंद पडलेल्या कंपनीच्या पिंपांचा प्रश्न अधिक अवघड, कारण परत करायचे कोणाला? त्यातही धनको किंवा मालमत्ता विकत घेणारा हक्कदार असू शकतो.

आणि ज्यांच्या गॅरेजमध्ये असे पिंप आधीच पडून आहे त्यांचे काय? ते वितरकाकडे नेऊन देता येते. तेथे अनामतीचे पैसे पुढे केले जातील. ते आपण भरलेले नव्हते, हे सांगणे तेवढे उरते. कापलेल्या पिंपाला मात्र ही वाटही खुली नाही. तेथे कंपनीला कळवून नव्या पिंपाची किंमत भरून देणेच शिल्लक राहते.