हुद्देदार आणि हुद्द्याची सनद

2017 च्या जून महिन्यात लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मालवण तालुक्यातील वराड या गावाला जो आनंद झाला तो स्वाभाविकच होता. ज्या घराण्याचे आडनाव आपल्या गावावरून पडले, त्या घराण्यातील डॉक्टर अशोक वराडकर यांच्या पुत्राने एका युरोपीय राष्ट्राच्या कारभाराची सूत्रे हाती घ्यावी, हा योग विरळाच होता. त्याच्या दीड वर्ष आधी, नोव्हेंबर 2015 मध्ये, ज्यांचे पितृघराणे मडगावचे आणि ज्यांना गोव्यातील नातलग आजही ‘बाबुश’ म्हणूनच ओळखतात, ते आंतोनियो कॉस्ता पोर्तुगालचे पंतप्रधान झाले होते. या दोन्ही प्रसंगी आपल्याकडे जो अभिमान व्यक्त झाला, त्याच्या मुळाशी एक गृहीत होते, ते असे की, अल्पसंख्य समूहातला मनुष्य सत्तास्थानी पोहोचला म्हणजे त्याच्या मागून येणाऱ्यांसाठी सत्तेचे दार आपोआप उघडते. हे गृहीत तपासून घेणे मला अगत्याचे वाटते. कारण त्यावर विसंबून आपण आजवर पुष्कळ समाधान मानून घेतले आहे, आणि ज्यांच्या नावाने ते मानले गेले त्यांच्या पदरात मात्र फारच थोडे पडले आहे.

आपण समलिंगी आहोत, ही गोष्ट वराडकरांनी जानेवारी 2015 मध्ये, आरोग्यमंत्री असताना, रेडिओवरील एका मुलाखतीत स्वतःहून सांगितली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यातील सार्वमतात शेकडा 62 मतदारांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला. वराडकरांच्या धैर्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु ते सार्वमत घेण्याचा निश्चय तत्कालीन पंतप्रधान एंडा केनी यांच्या सरकारने आधीच केलेला होता, आणि सरकारला त्या निश्चयापर्यंत आणून सोडणारी चळवळ त्याहूनही जुनी होती. गर्भपाताच्या प्रश्नाची हकीकतही याच जातीची आहे. सविता हलप्पनवार ही मूळची बेळगावची तरुण दंतवैद्य 2012 च्या ऑक्टोबरात गॉलवे येथे रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले असतानाही, त्याच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर कायदा आड येतो म्हणून तिची गर्भपाताची विनवणी नाकारण्यात आली, आणि जंतुसंसर्ग रक्तात भिनून वयाच्या 31 व्या वर्षी तिचा अंत झाला. त्या मृत्यूनंतर जे स्त्री-पुरुष रस्त्यावर उतरले, ते मे 2018 मध्ये गर्भपाताच्या आड येणारी घटनेतील आठवी दुरुस्ती शेकडा 66 मतांनी रद्द होईपर्यंत स्वस्थ बसले नाहीत. पूर्वी गर्भपाताच्या विरुद्ध असलेले वराडकर त्या वेळी पंतप्रधान या नात्याने दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने उभे राहिले, हे त्यांना भूषणावहच आहे. पण तेथवर त्यांना त्यांच्या जन्माने आणले नव्हते, आयर्लंडच्या स्त्रियांनी आणले होते. ज्या बाबतीत असा रेटा पाठीमागून आला नाही, त्या बाबतीत काय घडले? त्यांच्या पहिल्या मंत्रिमंडळातील 15 मंत्र्यांत स्त्रिया अवघ्या 4 होत्या. आणि परकीय आईबापांच्या पोटी आयर्लंडमध्ये जन्मलेल्या मुलाचा नागरिकत्वाचा स्वयंसिद्ध हक्क हिरावून घेणारी 2004 ची घटनादुरुस्ती, एका स्थलांतरित डॉक्टरचा मुलगा दोनदा पंतप्रधान होऊनही, जशीच्या तशी राहिली.

नेमक्या याच प्रश्नावर पोर्तुगालची वाट निराळी झाली. कॉस्ता यांच्या कारकिर्दीत, 2018 आणि 2020 या दोन वर्षी, नागरिकत्वाचा कायदा सैल करण्यात आला. परकीय आईबापांपैकी एकाचे कायदेशीर वास्तव्य पाच वर्षांचे असण्याची जी अट होती, ती आधी दोन वर्षांवर आणि मग एका वर्षावर आली. अंगोलात जन्मलेल्या फ्रान्सिस्का व्हान दुनेम 2015 मध्ये न्यायमंत्री झाल्या, तेव्हा पोर्तुगालच्या मंत्रिमंडळात कृष्णवर्णीय व्यक्ती प्रथमच बसली. या सुधारणांचे श्रेय कॉस्ता यांना जरूर द्यावे. मात्र त्यांचे पहिले सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर तगून होते, त्या पक्षांना दुखवून चालणारे नव्हते, आणि आफ्रिकी वंशाच्या नागरिकांच्या संघटना नागरिकत्वाचा प्रश्न हाती घेऊन बसल्या होत्या, ही परिस्थिती नजरेआड केली तर हिशेब चुकेल. जेथे रेटा अपुरा पडला, तेथे कॉस्तांच्या पोर्तुगालातही पाऊल अडले: 2021 च्या जनगणनेत वंशाविषयी प्रश्न विचारावा अशी शिफारस सरकारनेच नेमलेल्या अभ्यासगटाने केली असता राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने ती नाकारली, आणि ज्यांची संख्याच दप्तरात नाही अशा समूहाला आपल्यावरील अन्याय मोजून दाखवण्याचे साधन मिळाले नाही.

याच कॉस्ता यांच्याविषयीचा एक प्रसंग मला विसरता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये लिस्बनजवळच्या सेशाल येथील ‘जमैका’ नावाच्या वस्तीत, अर्धवट बांधून सोडलेल्या इमारतींत राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या एका कुटुंबाला पोलिसांनी मारहाण केल्याची चित्रफीत देशभर फिरली, निदर्शने झाली, जाळपोळही झाली. संसदेत एका उजव्या पक्षाच्या नेत्या उठून पंतप्रधानांना विचारू लागल्या की, आपण या हिंसाचाराचा निषेध करता की नाही. तेव्हा कॉस्ता संतापले, आणि माझ्या कातडीचा रंग पाहूनच हा प्रश्न मला विचारला जात असावा, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. राष्ट्राच्या सर्वोच्च कार्यकारी पदावर बसलेल्या मनुष्यालाही आपल्या निष्ठेचा दाखला मागितला जातो, आणि तो मागणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही, हे अल्पसंख्य नेत्याच्या वाट्याला येणारे खरे दुःख आहे. ज्याला असा दाखला वारंवार द्यावा लागतो, तो आपल्या माणसांची बाजू घेताना दहा वेळा विचार करतो. काही जण तर दाखला मागितला जाण्यापूर्वीच तो पुढे करतात. ब्रिटनच्या गृहमंत्री झालेल्या सुएला ब्रेव्हरमन यांचे वडील केनियातून आलेले गोमंतकीय. पण छोट्या नावांतून समुद्र ओलांडून येणाऱ्या निर्वासितांना रवांडात धाडण्याच्या धोरणाचा पुरस्कार त्यांच्याइतक्या आवेशाने क्वचितच कोणी केला असेल.

आता घरचे उदाहरण घेऊ. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले 1980 च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्या दीड वर्षाच्या कारकिर्दीत संजय गांधी निराधार योजना सुरू झाली, कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले, आणि छत्रपतींची भवानी तलवार विलायतेहून परत आणण्याचा विषय त्यांनी मोठ्या हिरिरीने मांडला. अंतुल्यांच्या शिवभक्तीविषयी शंका घेण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. निराधारांना मिळालेला आधारही सर्व जातिधर्मांच्या दुबळ्यांना मिळाला, हे उत्तमच झाले. तथापि मुसलमान समाजाच्या शिक्षणाचा आणि नोकऱ्यांचा प्रश्न, स्वतःच्या राज्याची सत्ता हाती असताना, त्यांच्या कारभाराचा मध्यबिंदू झाला नाही. पंचवीस वर्षांनी, 2006 मध्ये, ते नव्यानेच स्थापन झालेल्या केंद्रीय अल्पसंख्याक व्यवहार खात्याचे मंत्री झाले. त्याच वर्षी मुसलमानांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या सच्चर समितीचा अहवाल संसदेपुढे आला, आणि पुढे अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या व 90 अल्पसंख्यबहुल जिल्ह्यांसाठी स्वतंत्र विकास कार्यक्रम सुरू झाले. मनुष्य तोच, जन्म तोच, त्यांचे आंबेत हे गाव तेच; बदलला तो हुद्दा. पहिल्या हुद्द्याला मुसलमानांसाठी काही करून दाखवण्याची जबाबदारी कोणी जोडून दिलेली नव्हती. दुसऱ्या हुद्द्याची सनदच त्या जबाबदारीची होती, आणि तिच्यासोबत खाते, अंदाजपत्रक आणि अहवालाचा पुरावा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. 1942 च्या जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, आणि त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. म्हणजे दिल्लीच्या सचिवालयात माणूस आणि मुलखात संघटना, अशी दुहेरी मांडणी पहिल्या दिवसापासून होती. ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचा तपशीलवार खलिता व्हाइसरॉयपुढे ठेवला, आणि 1943 मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी शेकडा 8.33 जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. तो हुकूम बाबासाहेबांनी पद सोडल्यानंतरही टिकला, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. निवडणुकीचा अनुभव त्यांना वेगळा आला. पुणे कराराने राखीव जागांची संख्या 148 झाली, पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाच्या हाती गेली. आणि असा प्रतिनिधी आपल्या समाजापेक्षा बहुसंख्य मतदारांच्या मर्जीला अधिक जपेल, ही त्यांची तक्रार अखेरपर्यंत कायम राहिली. 1952 मध्ये उत्तर मुंबईत काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा पराभव केला, तेव्हा राखीव जागेवर दलित प्रतिनिधीच निवडून आला होता. तरीही दलितांचा सर्वांत समर्थ प्रवक्ता लोकसभेबाहेर राहिला.

कोणी म्हणेल, अल्पसंख्य नेत्याकडूनच ही अपेक्षा का धरावी; तो सर्वांचा नेता आहे आणि सर्वांसाठी राज्य चालवण्याचा त्यालाही तितकाच हक्क आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. समतेची जबाबदारी बहुसंख्य समाजात जन्मलेल्या मंत्र्यावर रतिभरही कमी नाही, किंबहुना त्याच्याकडे निष्ठेचा दाखला कोणी मागत नसल्यामुळे ती त्याने अधिक निर्धास्तपणे पार पाडावी. अल्पसंख्य नेत्याचे दिसणेही निरर्थक नाही. वराडच्या शाळेतील मुलाला किंवा ‘जमैका’ वस्तीतील मुलीला त्यातून जे बळ मिळते, ते खरे आहे. पण त्या बळाला प्रवेश, नोकरी, नागरिकत्व आणि उमेदवारी यांची जोड मिळाली नाही, तर ते बळ एका पिढीतच ओसरते.

महाराष्ट्र राज्य 1960 मध्ये स्थापन झाले. तेव्हापासून मुसलमान मुख्यमंत्री एकच झाले, अंतुले. आणि दलित मुख्यमंत्रीही एकच, सुशीलकुमार शिंदे, तेही जानेवारी 2003 पासून दोन वर्षांच्या आतच. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे की, पुढच्या निवडणुकीत कोणताही पक्ष आपल्या व्यासपीठावरचा एखादा अल्पसंख्य वा दलित चेहरा पुढे करून आपले औदार्य सांगू लागेल, तेव्हा त्या पक्षाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: खुल्या जागांवर या समाजांतील किती जणांना उमेदवारी दिली, ती कोणी ठरवली, आणि गेल्या वेळी निवडून गेलेल्यांना कोणती खाती मिळाली. उत्तर लेखी मागावे.