मापाचे माप

शिरूर तालुक्यातील एखाद्या दूध संकलन केंद्रावर सकाळी सहाच्या सुमारास जाऊन उभे राहावे. किटली काट्यावर चढते, थोडा नमुना यंत्राच्या नळीखाली धरला जातो, मिनिटभरात तांबड्या अंकांत फॅट आणि एसएनएफ उमटतात आणि शेजारच्या छपाईयंत्रातून एक अरुंद पावती बाहेर पडते. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. उत्पादक ती न वाचताच खिशात घालतो आणि वाटेला लागतो. पूर्वी या ठिकाणी रोज हुज्जत होत असे. आता होत नाही. ती का होत नाही, याचे उत्तर मात्र वाटते तितके सरळ नाही.

माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मध्यंतरी अशा पावत्यांचा गठ्ठाच आणून माझ्यापुढे ठेवला. घरी चार गाई. गोठा तोच, वैरण तीच, धार काढणारी आईही तीच. परंतु फॅट एके दिवशी ३.६, दुसऱ्या दिवशी ३.३, तिसऱ्या दिवशी पुन्हा ३.५. “सर, गाय बदलली की यंत्र?” हा त्याचा प्रश्न. दुधातील चरबी वैरणीनुसार, ऋतूनुसार आणि दोन धारांमधील अंतरानुसार बदलत असते, असे मी त्याला सांगितले. ते खरेही आहे. परंतु त्याने विचारले होते यंत्राविषयी आणि मी उत्तर दिले गाईविषयी, हे घरी परतताना माझ्या ध्यानात आले.

यंत्राविषयीचा हा प्रश्न एका गोठ्यापुरता नाही. माती, पाणी, रक्त, औषध, सिमेंट, मोटारीचा सुटा भाग, जे जे म्हणून तपासले जाते त्या प्रत्येकाच्या प्रमाणपत्रामागे एक उपकरण असते, आणि ते उपकरण खरे बोलते की नाही हे ठरविण्यासाठी त्याची तुलना त्याहून अधिक विश्वासार्ह अशा दुसऱ्या मापाशी करावी लागते. या तुलनेला अंशशोधन म्हणतात. कारखान्यात सर्रास कॅलिब्रेशन हाच शब्द चालतो. किराणा दुकानातील किलोचे वजन वैधमापन खात्याच्या वजनाशी, ते त्याहून वरच्या प्रमाण वजनाशी, आणि अखेरीस दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील ५७ क्रमांकाच्या प्रमाण किलोग्रॅमशी अशी ही शिडी वर चढत जाते. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याच प्लँकच्या स्थिरांकावरून केली जाते, म्हणजे शिडीचा शेवटचा टेकू आता धातूचा उरलेला नाही. तथापि शिडीची प्रत्येक पायरी जागेवर असली पाहिजे ही अट बदललेली नाही. एक पायरी निसटली की वरच्या साऱ्या अचूकतेचा खालच्या माणसाला उपयोग शून्य.

गेल्या काही वर्षांत या साऱ्या व्यवस्थेचे संगणकीकरण वेगाने होत आहे. प्रयोगशाळांतील वह्या जाऊन संगणकीय नोंदी आल्या. एनएबीएल या राष्ट्रीय प्रत्यायन मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळांच्या अहवालावर स्वतंत्र ओळखक्रमांक आला. जर्मनीच्या राष्ट्रीय मापन संस्थेने तर यंत्राला थेट वाचता येईल असे डिजिटल अंशशोधन प्रमाणपत्र तयार करण्याच्या कामी पुढाकार घेतला. मार्च २०२२ मध्ये मापनक्षेत्रातील प्रमुख आंतरराष्ट्रीय संस्थांनी या परिवर्तनासाठी संयुक्त निवेदनही काढले. या साऱ्याकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. ज्याने शाळेत किंवा कचेरीत चार वर्षे काढली आहेत, त्याला एकाच बैठकीत, एकाच शाईने, महिन्याभराचे भरलेले हजेरीपत्रक ओळखता येते. प्रयोगशाळांच्या तापमान नोंदवह्याही याच वंशातल्या. नोंद केव्हा झाली, कोणी केली आणि नंतर कोणी बदलली हे संगणक आपसूक लिहून ठेवतो, हा त्याचा फार मोठा गुण आहे.

तो गुण किती मोलाचा, हे समजण्यासाठी रॅनबॅक्सीचे प्रकरण आठवावे. औषध किती काळ टिकते हे ठरविण्यासाठी काही महिन्यांच्या अंतराने चाचण्या कराव्या लागतात. या कंपनीने त्यांतील काही चाचण्या एकाच दिवशी किंवा काही दिवसांच्या अंतराने उरकल्या आणि त्या ठरलेल्या वेळी केल्या असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाला कळविले. मे २०१३ मध्ये कंपनीने तिथल्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि एकूण ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. येथे यंत्र खोटे बोलले नव्हते, तारीख खोटी होती. अशा खोटेपणाला आळा घालायचा तर पुसता न येणारी नोंद हवी, आणि ती संगणक देऊ शकतो. मात्र नोंद ठेवण्याची सोय बंद करण्याची कळही बहुधा त्याच संगणकात असते आणि ती कोणाच्या हाती आहे यावर सारे अवलंबून राहते. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळाविषयक मानकाची २०१७ ची आवृत्ती यासाठीच सांगते की, माहिती सांभाळणारी संगणकप्रणाली वापरात आणण्यापूर्वी तिचीच तपासणी झाली पाहिजे.

आता पुन्हा दुधाकडे येऊ. जुन्या पद्धतीत फॅट काढण्यासाठी गर्बरची रीत वापरीत. काचेच्या नळीत गंधकाम्ल, दूध आणि थोडे अमिल अल्कोहोल घालून ती चक्रात फिरवायची. चरबी वर येऊन नळीच्या अरुंद, अंश कोरलेल्या भागात पिवळसर स्तंभ उभा राही. हा स्तंभ उत्पादकाला डोळ्यांनी दिसे. तपासनीसाने नळी तिरपी धरली, ‘तीन पाच’ ऐवजी ‘तीन तीन’ म्हटले, तर भांडता येत असे. भांडण अनेकदा निष्फळ ठरे हे मान्य. परंतु ज्या गोष्टीवर भांडायचे ती दोघांच्या समोर होती. आजचे स्वयंचलित यंत्र चरबी वेगळी काढून दाखवीत नाही. ते दुधातून ध्वनिलहरी किंवा प्रकाश सोडते आणि आत भरलेल्या समीकरणांवरून फॅट किती असावे याचे अनुमान करते. ती समीकरणे बरोबर बसविली आहेत की नाही हे उत्पादकाला दिसत नाही, आणि खरे म्हणजे केंद्रचालकालाही दिसत नाही. हुज्जत थांबली ती या अदृश्यतेमुळे. विश्वास वाढला म्हणून थांबली, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

याचा पैशाशी संबंध कसा येतो ते पाहा. जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ असलेल्या गाईच्या दुधाला लिटरमागे किमान ३४ रुपये दर जाहीर केला. त्याहून कमी प्रतीच्या दुधाला पॉइंटप्रमाणे कपात. एक पॉइंट म्हणजे ०.१. आता अशी यंत्रे बनविणारेच फॅटच्या आकड्यात साधारण ०.१ इतका इकडेतिकडे फरक पडू शकतो असे आपल्या माहितीपत्रकात सांगतात. म्हणजे कपातीचे एकक आणि यंत्राची स्वतःची शंका ही दोन्ही जवळपास सारखीच ठरतात. समजा, पॉइंटमागे ३० पैसे कपात आहे आणि यंत्र सातत्याने एक पॉइंट कमी दाखविते. रोज ४० लिटर घालणाऱ्याचे दिवसाला १२ रुपये, वर्षाला ४,३८० रुपये गेले. दोन हजार लिटर गोळा करणाऱ्या केंद्रावर हीच रक्कम वर्षाला २ लाख १९ हजार होते. कोणी चोरी केली नाही, कोणी पाणी घातले नाही, तरीही पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. मापात पाप करायला आता वजनाच्या तळाशी शिसे काढावे लागत नाही. नुसते दुर्लक्ष पुरते.

प्रयोगशाळेच्या शिस्तशीर अंशशोधन प्रमाणपत्रात आकड्यासोबत त्याची अनिश्चितता लिहिलेली असते. ३.५ म्हणजे ३.४ ते ३.६ मधले काहीतरी, असे तिथला तज्ज्ञ प्रांजळपणे सांगतो. ज्याचे पोट त्या आकड्यावर आहे त्याच्या पावतीवर मात्र हा प्रांजळपणा छापलेला नसतो. वजनकाट्याची स्थिती थोडी बरी आहे. २००९ च्या वैधमापन कायद्याखालील नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी होऊन त्यावर मुद्रा उमटवावी लागते आणि ती पाहता येते. दुधाची किंमत ठरविणारा अर्धा भाग काट्यावर, अर्धा फॅटच्या यंत्रावर. आणि या दुसऱ्या यंत्राची शेवटची तपासणी केव्हा झाली हे सांगणारी खूण उत्पादकाच्या नजरेस सहसा पडत नाही. दूध उत्पादकांच्या संघटना काट्यांच्या आणि मिल्कोमीटरच्या त्रयस्थ तपासणीची मागणी करीत आल्या आहेत, ती या दृष्टीने पूर्णपणे रास्त आहे.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे जॉर्ज अकरलॉफ यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९७० साली त्यांनी लिहिलेल्या आणि २००१ च्या नोबेल पारितोषिकात ज्याचा मोठा वाटा होता त्या निबंधाचा विषय असा, की मालाची प्रत विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर हळूहळू चांगला माल बाजारातून निघून जातो. अकरलॉफ काही काळ भारतात राहिले होते, आणि त्याच निबंधात त्यांनी बाजारातून आणलेल्या तांदळातले खडे निवडीत बसणाऱ्या भारतीय गृहिणीचा उल्लेख केला आहे. आपल्याकडच्या प्रत्येक माजघरातले हे दृश्य अर्थशास्त्राच्या एका प्रसिद्ध सिद्धांतात जाऊन बसले, याची आपल्याला फारशी कल्पना नसते. दुधाच्या बाबतीत मात्र उलटा प्रकार झाला आहे. येथे अज्ञानात आहे तो विकणारा. स्वतःच्या मालाची प्रत त्याला घेणाऱ्याच्या यंत्रावरून कळते. चांगले दूध घालूनही दर तोच पडत असेल, तर चांगल्या वैरणीवर खर्च तो का करील?

यावर उपाय म्हणून मोठमोठ्या प्रणालींची नावे घेतली जातात. मला त्याऐवजी याच तालुक्यातील पाबळ आठवते. मस्तानीच्या समाधीमुळे हे गाव इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते. पण १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, ही गोष्ट माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. मुंबईतील संशोधनाची नोकरी सोडून या दुष्काळी गावी आलेल्या कलबागांचा आग्रह असा, की मुलांनी हाताने काम करीत, गावाला उपयोगी पडत शिकावे. त्यांच्या शिक्षणक्रमात सुतारकाम, वीज, शेती यांच्या जोडीला माती, पाणी आणि रक्त यांची तपासणीही होती. २००२ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अशा अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ही एक. तिथे हाती घेतलेल्या पहिल्या कामांत काय होते? दुधाची तपासणी करणारी आणि शेतीच्या इंजिनांची कार्यक्षमता मोजणारी उपकरणे! ज्यांना मोजले जाते त्यांनी मोजण्याचे साधनही समजून घ्यावे, हा विचार पाबळमध्ये वीस वर्षांहून अधिक काळापूर्वी प्रत्यक्षात उतरू लागला होता. कलबाग २००३ मध्ये गेले. पाबळच्या भोवती, रांजणगाव आणि सणसवाडीच्या कारखान्यांत, आज शेकडो मुले गुणवत्ता विभागात मायक्रोमीटर आणि गेज हाताळतात; त्यांच्या उपकरणावर पुढील अंशशोधनाची तारीख चिकटविलेली असते आणि ती उलटली तर उपकरण बाजूला काढले जाते. संध्याकाळी हीच मुले घरचे दूध घेऊन केंद्रावर जातात आणि तिथल्या यंत्रावर अशी चिठ्ठी शोधीत नाहीत.

ती चिठ्ठी हवी. पावतीवर फॅटच्या आकड्याखाली आणखी एक ओळ छापण्यास संगणकाला काही श्रम पडत नाहीत: यंत्राची शेवटची पडताळणी कोणत्या तारखेला, कोणाकडून, आणि ज्ञात नमुन्याशी फरक किती. तपासणीचा खर्च एकट्या उत्पादकाने करणे शक्य नाही आणि केंद्राने तो आपण होऊन करावा यात केंद्राचा फायदा नाही. लाभ सर्वांचा आणि खर्च कोणाचाच नाही अशा गोष्टी बाजार आपोआप करीत नसतो, म्हणून ही जबाबदारी शासनाच्या आणि मोठ्या दूध संघांच्या गळ्यात पडते. दर आठवड्याला गावासमोर, एकाच दुधाचे दोन भाग करून एक यंत्रात आणि दुसरा गर्बरच्या नळीत तपासावा, आणि दोन्ही आकडे केंद्राच्या फळ्यावर लिहावेत. विज्ञान शाखा असलेल्या आसपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हे काम शिक्षकाच्या देखरेखीखाली सहज होऊ शकेल. गंधकाम्ल जपून हाताळावे लागते, एवढीच काळजी.

केंद्रचालकांचा आक्षेप येईल, की यामुळे पुन्हा रोजची हुज्जत सुरू होईल. होऊ द्यावी. पहिले काही महिने ती होईल, कारण इतकी वर्षे दबलेला संशय बाहेर पडेल. काही ठिकाणी यंत्र उत्पादकाच्या बाजूने चुकत होते असेही निघेल, आणि तेही फळ्यावर तितक्याच ठळकपणे लिहावे लागेल. माझ्या त्या विद्यार्थ्याने पावत्यांचा गठ्ठा अजून जपून ठेवला आहे. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाकडे गर्बरच्या नळ्या आहेत का, अशी चौकशी त्याने गेल्या आठवड्यात केली. विभागात त्या नाहीत. मागवाव्यात, असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला आहे.