पांताभात आणि आपली मातृभाषा

बांगलादेश म्हटले की आपल्याकडे एकच शब्द पुढे येतो : घुसखोर. निवडणुकीच्या सभेत तोच, वर्तमानपत्रात तोच. आम्ही म्हणतो, या शेजाऱ्याच्या सणाच्या ताटाकडेही एकदा पाहा.

१४ एप्रिलला तिथे 'पहेला बैशाख', म्हणजे बंगाली नववर्ष असते. हिंदू-मुसलमान दोघांचाही हा सण. रात्री भातात पाणी घालून ठेवायचे, सकाळी तो मीठ, कांदा, हिरवी मिरची, बटाट्याचे भरीत आणि सुक्या मासळीबरोबर खायचा. हा पांताभात. त्याच्याबरोबर तळलेला इलिश मासा ही शहरी हौस. शेतकऱ्याच्या ताटात तो क्वचितच असे. दुकानदार त्या दिवशी नवी वही उघडतो आणि गिऱ्हाइकाला मिठाई देतो. कोकणातल्या आपल्या घरांना शिळा भात आणि भाजलेली सुकी मासळी परकी आहे काय?

पण हे ताट सुखासुखी टिकलेले नाही. पाकिस्तानची राज्यभाषा फक्त उर्दू, असे जिनांनी १९४८ साली ढाक्यात बजावले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी त्याच ढाक्यात बंगालीसाठी रस्त्यावर उतरलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बळी गेलेल्यांची नावे रफीक, बरकत, जब्बार, सलाम. ही नावे मोठ्याने वाचा. मुसलमानांची भाषा एकच, असे सांगणाऱ्या राज्यकर्त्यांना मुसलमानांनीच रक्ताने दिलेले हे उत्तर आहे.

पुढे रवींद्रसंगीतही सरकारच्या डोळ्यांत सलू लागले. तेव्हा 'छायानट' या संस्थेने १९६७ पासून ढाक्याच्या रमना बागेत नववर्षाची पहाट गाण्यांनी साजरी करायला सुरुवात केली. २००१ साली तिथेच बॉम्ब फुटले, माणसे मेली. तरी लोक पुन्हा जमले. हा सण इस्लामी नाही, असे म्हणणारे तिथेही आहेत. २०२५ साली नववर्षाच्या मिरवणुकीच्या नावातला 'मंगल' हा शब्द गेला. मात्र बंगाली सन अकबराच्या काळात शेतसाऱ्याच्या सोयीसाठी सुरू झाला, असे तिथे सर्वसाधारणपणे मानतात. मग तो परका कसा?

त्या ताटात खडाही आहे. १९७१ नंतर तिथल्या उर्दूभाषक बिहारी मुसलमानांच्या पिढ्या छावण्यांत कुजल्या. भाषेचा अभिमान दुसऱ्याच्या भाषेवर उठला की हेच होते. म्हणून उर्दूशी आमचे वैर नाही. १९५२ च्या त्या पोरांचेही नव्हते. उर्दू नको, असे ते म्हणत नव्हते; बंगालीही राज्यभाषा हवी, एवढेच त्यांचे मागणे होते. १९५६ च्या राज्यघटनेने ते मान्य केले.

आता आपल्याकडे वळू. 'तुम्ही मराठी छान बोलता हो!' हे कौतुक आपल्यापैकी कुणी ऐकलेले नाही? ज्या भाषेत शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, जिच्यात अमर शेखांचा डफ कडाडला, ती आपण शिकून आलो आहोत, असा त्याचा अर्थ. या अपमानाला १९९० साली सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाने उत्तर दिले. पण आपल्या घरातले काय? चुलीपाशी मराठी, अंगाईला मराठी, भांडायला मराठी. आणि जनगणनेत मातृभाषा विचारली की दबकत 'उर्दू' लिहिणारे आपल्यातच आहेत. मराठी लिहिले तर इमान कमी होईल, अशी भीती त्यांना कुणी घातली? रफीक-बरकतचे इमान कमी झाले नव्हते.

ज्यांची मायबोली खरोखर उर्दू किंवा दखनी आहे, त्यांनी ती ताठ मानेने लिहावी. पण ईदच्या दिवशी शिरखुर्म्याची वाटी घेऊन आपण शेजारच्या वहिनींना ज्या भाषेत हाक मारतो, घरात आईला ज्या भाषेत हाक मारतो, ती एकच असेल, तर जनगणनेचा माणूस दारात आल्यावर तिचेच नाव सांगा. ढाक्यात त्यासाठी जीव द्यावा लागला. आपल्याला फक्त एक रकाना भरायचा आहे.