समुपदेशकाची खोली कुठे आहे?

१० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. २००३ पासून तो पाळला जातो. आपल्या महाविद्यालयांत बहुधा एका व्याख्यानावर भागते. पाहुण्यांना रोपटे, मुलांना ‘मन खंबीर ठेवा’ हा उपदेश, मग चहा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. शाळकरी मुलेही त्यांत आली. महाराष्ट्रातले १,७६४, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. इतकी मुले मनाने कच्ची होती म्हणणे ही मोठ्यांची पळवाट झाली. कोणी एकाच कारणाने जीव देत नाही. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचारही आहेत. पण शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अडकलेला, म्हणून फी थकलेली, म्हणून हॉल तिकीट रोखलेले, आणि खिडकीपलीकडून चारचौघांत आवाज येतो, ‘पैसे नव्हते तर प्रवेश घेतला कशाला?’ इथे मुलाला खंबीर व्हायला सांगण्याआधी त्या खिडकीपलीकडच्याला सांगायला हवे.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवाच, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. नेमणुका होतील. पण खोली प्राचार्यांच्या केबिनला लागून, दाराशी नोंदवही, तीत नाव, वर्ग, भेटीचे कारण, आणि वेळ नेमकी प्रॅक्टिकलची असेल, तर तिकडे फिरकणार कोण?

आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षा करू नये, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. कायदा बदलला, ‘बोललो तर वसतिगृहातून नाव काढतील’ ही धास्ती मात्र तशीच आहे. ती घालवणे रेक्टरच्या हाती आहे.

रूममेटचा डबा तसाच परत जातोय, परीक्षेचा विषय काढला की तो उठून जातोय, हे सगळ्यांत आधी मित्राला दिसते. त्याने सरळ विचारावे, ‘जीव द्यावासा वाटतो का रे?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, गुपित म्हणून पोटात ठेवू नका. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो, मराठीत बोलता येते. आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.